आजोबा नेमके कधी वारले?

इंदूरच्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांचे आजोबा १९३१ साली, विशीत असताना, महूच्या चर्चमध्ये ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये त्यांचं जुनं नाव, वडिलांचं नाव आणि ‘मल्हारगंज, इंदूर’ असा पत्ता ताईंना सापडला. मल्हारगंजातला वाडा पणजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. ते एप्रिल १९६१ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. आजोबाही ‘त्याच सुमारास’ गेले. आता चुलत घराणं वाडा विकायला निघालंय आणि नातं साफ नाकारतंय. ताईंनी घरबसल्या डीएनए चाचणी केली, तर त्या घरातली पुण्याची एक नात २२८ सेंटीमॉर्गनने (सारखा डीएनए मोजायचं एकक; इथे सुमारे तीन टक्के) जुळली. त्या विचारतात, कोर्टाकडून चुलतभावांची सक्तीने चाचणी करून घेता येईल का?

ताई, त्या भरवशावर राहू नका. सख्ख्या भावांच्या नातवंडांत सरासरी तीन टक्के डीएनए सारखा असतो आणि तुमचा आकडा त्यात बसतो, हे खरं. पण आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत. अशा सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या झाल्या की आकडा फुगतो, आणि आजोबा पणजोबांचे मुलगे की पुतणे, हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय घरी भरलेली नळी तुमचीच, हे कोर्टाला कोण सांगणार? सक्तीचं म्हणाल तर अशोक कुमार विरुद्ध राज गुप्ता या २०२१ च्या निकालात, तोही मालमत्तेचाच दावा होता, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसरा पुरावा असताना नाखूष माणसावर सहसा चाचणी लादू नये. आणि पुण्याच्या त्या मुलीचं नाव तिला न विचारता दाव्यात घालू नका.

दुसरा पुरावा तुमच्या हातात आहेच. मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्यात वडिलांचं नाव बहुधा तो स्वतःच सांगतो. वाद उद्भवण्याआधी मयत व्यक्तीने नात्याबद्दल केलेलं विधान भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ खाली पुराव्यात येतं. १९३१ मध्ये वाड्याचं भांडण कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मात्र मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. चर्चचं मूळ रजिस्टर, ते सांभाळणाऱ्याच्या साक्षीसह, कोर्टासमोर यायला हवं.

पण खरी गाठ वेगळीच आहे, आणि योगायोगाने तीही कलम २६ चीच, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधली. धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. त्याला धर्मांतरानंतर झालेली मुलं आणि त्यांचे वंशज मात्र हिंदू नातेवाइकांचे वारस होत नाहीत, वारसा उघडतो त्या वेळी, म्हणजे मालमत्तेचा मालक वारतो तेव्हा, ती हिंदू असतील तरच होतात. म्हणजे पणजोबांच्या मृत्यूच्या दिवशी आजोबा हयात असतील, तर मुलगा म्हणून त्यांचा हिस्सा त्याच दिवशी त्यांच्या नावे झाला. पुढे तो भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे तुमच्या आजीला एक तृतीयांश आणि उरलेला मुलांना. आजोबा आधी गेले असतील, तर तुमचे वडील ख्रिस्ती म्हणून जन्मलेले आणि वाढलेले. डीएनए शंभर टक्के जुळला तरी हाती काही लागणार नाही.

‘त्याच सुमारास’ या दोन शब्दांवर तुमचा सगळा दावा अडलाय. बाप्तिस्म्याची नोंद शोधलीत, तशी आता दफनाची शोधा. कबरीवर दगड असेल तर तोही बघून या.

तारीख एप्रिल १९६१ नंतरची निघाली, तर जिल्हा न्यायालयात वाटणीचा दावा आणि विक्रीला मनाई मागणारा अर्ज एकाच दिवशी लावा. एका सहहिस्सेदाराचा ताबा कितीही वर्षं असला, तरी नुसत्या काळाने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. पण चुलत घराण्याने तुमचा हक्क उघडपणे नाकारून बारा वर्षं उलटली असतील, तर मुदतीचा प्रश्न येईल. म्हणून त्यांनी पहिल्यांदा ‘नाही’ कधी आणि कुणासमोर म्हटलं, तेही आठवून लिहून ठेवा.