पडलेला पिच्चर, भरलेलं पाणी

प्रश्न: दादा, मला १९९५ चा 'वॉटरवर्ल्ड' बघायचाय. बर्फ वितळून सगळी पृथ्वी पाण्याखाली गेलीय अशी स्टोरी आहे म्हणे, त्याचा ट्रेलर तर आम्ही दर पावसाळ्यात हिंदमाताला फुकटात बघतो. पण ज्याला विचारावं तो म्हणतो महाबंडल, आणि आमचे हे म्हणतात त्यापेक्षा झोप काढ. बघू का नको? – एक वाचक, परळ

उत्तर: ताई, बघा. ह्यांना झोपू दे.

अहो, हा पिच्चर थेटरात लागायच्या आधीच लोकांनी त्याचं तेरावं घातलं होतं. हवाईच्या समुद्रात शूटिंग, त्यात एक सेट चक्क बुडाला, खर्च गेला साडेसतरा कोटी डॉलरच्या घरात, म्हणजे तोपर्यंतचा सगळ्यात महागडा पिच्चर, मग काय, जो तो खर्चावरच बोलायला लागला. हॉलचं भाडं ऐकूनच जेवण बेचव ठरवायचं, तसला प्रकार. जगभरात गल्ला २६ कोटींच्या वर झाला ते कोणी सांगत नाही. व्हिलन झालेल्या डेनिस हॉपरला वाईट कामाचा रॅझी (टिंगल करायला देतात तो पुरस्कार) मिळाला आणि त्याच पिच्चरला साऊंडसाठी ऑस्करचं नॉमिनेशनपण मिळालं, आता बोला.

सुरुवातच बघा ना, हीरो केविन कॉस्टनर आपलीच लघवी यंत्रात गाळून पितो, तोंडातून शब्द नाही, आणि त्यातला घोटभर लिंबाच्या रोपावर टाकतो. ई करू नका, त्या एका घोटात अख्खं जग कळतं. मग तो तरंगत्या वस्तीत बरणीभर माती विकायला आणतो आणि लोक ती माती अशी बघतात की जणू सोनं. मला तर आमच्या ग्रिलमधली तुळसच आठवली, तिच्यासाठी नर्सरीतून तांबड्या मातीची पिशवी आणली तेव्हा भाव ऐकून मी तोंड वाकडं केलं होतं.

खोट नाही असं नाही. सेकंड हाफमध्ये नुसती जेट स्कीची घरघर, हॉपर तर दशावतारातल्या राक्षसासारखा ओरडतो (मला आवडला, पण मला काय सगळंच आवडतं). सायन्सचं तर विचारूच नका, जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र साधारण ७० मीटर चढेल, म्हणजे परळ गेलं, मलबार हिलपण गेली, पण माथेरानला घोडे आरामात फिरतील.

एक करा, तीन तासांचं लांबवलेलं व्हर्जन आत्ता नको, थेटरवालं सव्वादोन तासांचं लावा. मातीच्या बरणीपर्यंत मन नाही लागलं तर खुशाल बंद करा. लागलं तर व्हिलनचा टँकर आला की ह्यांना हलवून उठवा आणि त्याचं नाव वाचायला लावा: एक्सॉन वाल्डेझ, १९८९ मध्ये अलास्काच्या समुद्रात तेल सांडलेलं तेच जहाज.