वेगळ्या धाटणीचं पाहिलं-ऐकलं, आता मत कसं लिहायचं?

"लई भारी होतं" एवढ्यावर भागत नाही गड्या. भारी कुठं आणि कशानं, ते दाखव.

सिनेमा घरी पाहत असशील तर आधी टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग बंद कर. बहुतेक सिनेमे सेकंदाला 24 फ्रेम्सवर चित्रित होतात. टीव्ही त्यांच्या मधे स्वतःच्या फ्रेम्स घुसडतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. मग तू नावं ठेवणार कॅमेरामनला! संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव असेल तेव्हा मोठ्या पडद्यावरच पाहा.

गाण्यांचं सोपं आहे. फोनच्या स्पीकरवर बास गिटार जवळपास गायब होते, म्हणून साधे का होईना, इयरफोन लाव. शफल बंद, अल्बम क्रमानं. दुसऱ्यांदा ऐकताना जे जाणवलं त्याचं मिनिट-सेकंद टिपून घे.

विनोदावर लिहिणं सगळ्यात अवघड. नुसता पंच उतरवला की तो कागदावर मेलाच, शिवाय पुढच्याची मजा जाते. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं 52 पात्रं उभी करायचे. असं काही पाहताना पात्र बदललं ते आवाजानं, मानेनं की थांबण्यानं, हे पकड. "गावरान भाषेमुळं हसू येतं" हे आळशी वाक्य आहे.

पुस्तकांत रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' (1971) ही कादंबरी घे. गोष्ट सांगणाऱ्या पार्वतीच्या तोंडची मराठवाडी बोली. पहिली दहा-वीस पानं मोठ्यानं वाच, कान बसतो. त्या बोलीला अशुद्ध म्हणालास तर पुढचं कुणी वाचणार नाही.

आणि रेटिंगचे तारे? नाही दिलेस तरी चालतं.