बचत गटाचे ॲप जिओफोनपासून जुन्या अँड्रॉइडपर्यंत एकाच कोडवर चालवता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गावातल्या बचत गटाच्या हिशेबासाठी ॲप करायचे आहे. बारा सभासदांपैकी काहींकडे जिओफोन आहे, काहींकडे मुलाने वापरून दिलेला १ जीबी रॅमचा अँड्रॉइड आणि दोघींकडे नुसता बटणांचा फोन. तुम्हाला फ्लटर (एकदाच लिहून अनेक प्रकारच्या फोनांवर ॲप नेण्याचे साधन) येते, तेव्हा एकदाच लिहून सगळीकडे चालवता येईल का?

सगळेच्या सगळे ॲप चालणार नाही. पण त्यातला जो भाग चुकला तर गटात भांडण होईल, म्हणजे हिशेब, तो मात्र एकदाच लिहून सगळीकडे नेता येतो. बाकीचे, म्हणजे पडदा, बटणे, अक्षरे, साठवण, हे दर फोनला थोडे वेगळे करावे लागते आणि ते मान्य करून सुरुवात केलेली बरी. मी २००५ पासून सहा-सात वर्षे पुण्यात जे२एमईवर, म्हणजे साध्या फोनांसाठीच्या जावावर, काम केले. पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी फोनवर चालणारे ॲप हे माझे त्यातले सगळ्यात मोठे काम. त्याच अनुभवावरून सांगतो.

तेव्हा जावाची घोषणाच होती की एकदा लिहा आणि कुठेही चालवा. छोट्या फोनसाठी जावाची जी धाकटी आवृत्ती होती तिच्या यंत्राचे नाव केव्हीएम, त्यातला 'के' किलोबाइटचा. या धाकट्या जावाचे सीएलडीसी १.० हे मानक एकूण १६० केबी मेमरी गृहीत धरून लिहिलेले होते, आणि त्यावर बसणाऱ्या एमआयडीपी १.० या मानकानुसार पडदा किमान ९६ बाय ५४ ठिपक्यांचा असला तरी चालत असे. नोकियाच्या सुरुवातीच्या बऱ्याच सिरीज ४० फोनांवर ६४ केबीपेक्षा मोठी जार फाइल, म्हणजे ॲपचे गाठोडे, चढतच नसे. आज एखादे चिन्ह त्याहून मोठे असते. आम्ही दोन-दोन क्लास (कोडचे तुकडे) एकत्र करायचो, कारण प्रत्येक क्लासची फाइल आपला वेगळा पसारा घेऊन येते. प्रोगार्ड हे कोड आटोपशीर करणारे साधन चालवून सगळी नावे अ, ब, क इतकी आखूड करायचो. तरी ६६ केबी झाले की पुन्हा कात्री.

आणि इतके करून एका फोनवर चाललेले दुसऱ्यावर चालायचे नाही. पडद्याखालच्या डाव्या-उजव्या बटणांचे, म्हणजे सॉफ्ट कीचे, कोडमधले आकडे नोकियावर उणे ६ आणि उणे ७, सीमेन्सवर उणे १ आणि उणे ४, मोटोरोलावर उणे २१ आणि उणे २२. भाषा तीच, मानक तेच, बटण मात्र वेगळे. त्यामुळे आमच्याकडे फोनच्या मॉडेलनुसार वेगवेगळ्या जार बनत. पण त्या सगळ्या जारमध्ये हिशेबाच्या फाइली अक्षरशः त्याच होत्या, एका ओळीचाही फरक नाही. हीच गोष्ट तुम्ही पहिल्या दिवसापासून सांभाळा: व्याज, हप्ता, शिल्लक काढणाऱ्या कोडला आपण कोणत्या फोनवर आहोत हे कळताच कामा नये. त्यात पडद्याचा उल्लेख नको, साठवणीचा नको, आजची तारीखसुद्धा त्याने स्वतः विचारू नये, बाहेरून द्यावी.

याचे मला आवडणारे उदाहरण म्हणजे जावारोझा. आरोग्य कार्यकर्त्यांनी साध्या जावा फोनवर फॉर्म भरावेत म्हणून लिहिलेली ही लायब्ररी. ते फोन गेले, पण प्रश्न दाखवणे, उत्तर तपासणे, पुढचा प्रश्न ठरवणे हा गाभा पडद्यापासून वेगळा ठेवलेला असल्यामुळे तो आजही ओडीके कलेक्ट या अँड्रॉइड ॲपच्या पोटात चालतो आहे.

आता तुमच्या फोनांकडे येऊ. जिओफोनवर कायओएस ही प्रणाली आहे, ५१२ एमबी रॅम, २४० बाय ३२० चा पडदा, आणि टच नाही. त्यावर ॲप म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट, तिसरे काही नाही. फ्लटर तिथे येत नाही. फ्लटरचे वेब रूप काढाल, तर त्याला बराच नवा ब्राउझर लागतो, आणि कायओएस २.५ चे इंजिन गेको ४८ आहे, म्हणजे २०१६ चा फायरफॉक्स. जावास्क्रिप्टची असिंक-अवेट आणि पडद्याच्या मांडणीची सीएसएस ग्रिड या सोयी फायरफॉक्सच्या ५२व्या आवृत्तीत आल्या, तेव्हा त्याही नाहीत. म्हणून तुमच्या ठिकाणी मी असतो तर गाभा साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिला असता, बेबल या साधनाने जुन्या रूपात उतरवला असता, आणि अँड्रॉइडवर तोच वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आत बसणाऱ्या ब्राउझरमध्ये, चालवला असता. अँड्रॉइड ५.० पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरमधून वेगळा अपडेट होतो, म्हणून फोन जुना असला तरी तो बराच पुढचा सापडतो. ४.४ वर मात्र तो फोनबरोबर आला तसाच राहतो. गटात असा एखादा फोन आहे का ते आधी बघून घ्या.

फ्लटर वाईट आहे असे मी म्हणत नाही. सगळ्यांकडे अँड्रॉइड असता तर मीच तुम्हाला तेच घ्या म्हटले असते.

हिशेबाच्या गाभ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. सीएलडीसी १.० मध्ये अपूर्णांकी संख्याच नव्हत्या, फ्लोट नाही की डबल नाही. त्यामुळे आम्ही सगळे पैशांत मोजायला शिकलो: ५२ रुपये ५० पैसे म्हणजे ५२५०. तुम्हीही असेच करा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि असे कण वर्षभर साचले की वहीतली शिल्लक आणि फोनमधली शिल्लक जुळत नाही. एकदा न जुळलेल्या आकड्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

पण पैशांत मोजतानाही मी एकदा घसरलो. दरमहा दीड टक्का हा दर मी दहा हजारांच्या प्रमाणात १५० असा ठेवला होता. ३,५०० रुपयांच्या कर्जावर ३,५०,००० गुणिले १५०, भागिले १०,०००, उत्तर ५२५० पैसे, बरोबर. महिनाभर सगळे छान चालले. मग एका खातेदाराचे कर्ज दोन लाखांचे निघाले. दोन लाख रुपये म्हणजे दोन कोटी पैसे, गुणिले १५० म्हणजे ३०० कोटी. जावाच्या ३२ बिटांच्या इंट या पूर्णांकी प्रकारात मावतात जेमतेम २१४ कोटी. ३,००० रुपये व्याजाच्या जागी पडद्यावर आले उणे १,२९४ रुपये ९६ पैसे, आणि फोनने कुठेही चूक झाली म्हणून सांगितले नाही. एजंटाने तो आकडा मला फोनवर वाचून दाखवला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. लाँग हा त्याहून मोठा प्रकार वापरला की प्रश्न सुटतो, आणि तो त्या छोट्या जावातही होता. मीच जागा वाचवायला गेलो होतो. जावास्क्रिप्टमध्ये संख्या मोठ्या मावतात, पण दशांश छाटायला कोणी बिटवाइज ऑर शून्य (| 0) लावले की आकडा ३२ बिटांत कोंबला जातो आणि हाच अपघात होतो. त्याऐवजी मॅथ डॉट फ्लोअर वापरा. आणि पाच-दहा लाखांची उदाहरणे घालून तपासा, गटाची आजची उलाढाल कितीही लहान असली तरी.

पुढचा मुद्दा नोंद हरवण्याचा. आमचा एजंट मंडईत एका गाळ्यासमोर उभा. बाईंनी ५० रुपये दिले, त्याने खाते क्रमांक टाकला, रक्कम टाकली, तेवढ्यात फोन आला. बोलणे झाले, ॲप पुन्हा उघडले, तर पहिला पडदा. त्याला वाटले नोंद झाली. संध्याकाळी रोकड ५० रुपये जास्त आणि ते कोणाचे हे सांगता येईना. मानकात फोन आल्यावर ॲपला 'थांब' सांगणारी पॉझॲप नावाची सोय होती, पण कित्येक फोन ती हाक मारतच नसत, फक्त पडदा झाकला गेल्याचे कळवत. तेव्हापासून मी बाहेर पडताना जतन करणे सोडून दिले. आकडा टाकून पुढे गेले की त्याच क्षणी लिहून टाकायचे, पुढचा पडदा त्यानंतर. १ जीबीच्या अँड्रॉइडवर आजही तेच होते. पावतीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला की मागे राहिलेले ॲप सिस्टिम खुशाल मारून टाकते.

फोटोचा विषय निघाला म्हणून सांगतो, तो शक्यतो घेऊच नका. ४००० बाय ३००० चा फोटो मेमरीत उघडला की दर ठिपक्याला ४ बाइट धरून ४ कोटी ८० लाख बाइट होतात, जेपीईजी फाइल कितीही लहान दिसो. घ्यायचाच असेल तर उघडतानाच लांबी आणि रुंदी दोन्ही चौथाई करून उघडा, म्हणजे ३० लाखांवर येतो.

मराठी अक्षरांसाठी मी जितकी मेहनत केली तितकी दुसऱ्या कशासाठी केली नसेल. त्या जावा फोनांवर देवनागरी असेलच असे नव्हते, असली तर वेलांटी भलत्या अक्षराला लागायची. शेवटी 'आजची जमा', 'शिल्लक', 'पावती' असे चाळीसेक शब्द आम्ही चित्र म्हणून काढले, आणि प्रत्येक चित्राच्या फाइलचा वेगळा बोजा नको म्हणून सगळे एकाच लांब पट्टीत ओळीने मांडून हवा तेवढा तुकडा दाखवला. खातेदारांची नावे मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवावी लागली, याची मला शेवटपर्यंत रुखरुख राहिली. तुमच्या जिओफोनवर देवनागरी आहे, त्यामुळे हा त्रास नाही, पण एक सापळा आहे. छोट्या पडद्यावर जास्त ओळी बसवायच्या म्हणून ओळीची उंची कमी केलीत तर रफार आणि उकार छाटले जातात. 'कर्ज'चे 'कज' होते आणि वर्षाताईंची 'वषा'. उंची अक्षराच्या दीडपट ठेवा, ओळी चार कमी आल्या तरी चालतील. आणि बटणांवर मराठी टाइप करायला कोणाला लावू नका. नाव एकदाच घालायचे, पुढे यादीतून निवडायचे, टाइप करायचे फक्त आकडे.

नेट नसताना नोंदी फोनमध्ये साठतील आणि नेट आले की जातील. तेव्हा प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा क्रमांक द्या: फोनची खूण आणि त्यापुढे चढता आकडा. नोंद सर्व्हरला पोचते, पण पोचल्याचा निरोप परत येताना वाटेत तुटतो, आणि मग फोन तीच पुन्हा पाठवतो. क्रमांक असला की सर्व्हरला ती आधीच आलेली ओळखता येते, नसला तर एका बाईची बचत दोनदा जमा होते. चुकलेली नोंद खोडूही नका. हिशेबाच्या वहीत करतात तशी उलट नोंद करा, म्हणजे कोणी काय बदलले ते गटासमोर दाखवता येते.

राहिल्या बटणांच्या फोनवाल्या दोघी. त्यांच्यासाठी ॲपचा हट्ट सोडा, एसएमएस पुरेसा आहे. मात्र इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जाते. 'कर्ज' हा शब्दच चार भरतो. 'जुलै बचत १००. कर्ज बाकी ३५००. व्याज ५२.५०. पुढील बैठक ५ ऑगस्ट.' हा मजकूर ६२ होतो, म्हणजे एकाच एसएमएसमध्ये जातो. सर्व्हरवरून घाऊक एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नोंदणी (घाऊक एसएमएस पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) आणि मजकुराच्या साच्याची मंजुरी लागते. दोन बायकांसाठी तो खटाटोप नको. सचिवताईंच्या फोनवरून त्यांनीच बैठक संपल्यावर पाठवावा.

आणि जड काम फोनवर टाकू नका. ऑपेरा मिनी हा ब्राउझर जानेवारी २००६ मध्ये जगभर खुला झाला तेव्हा साध्या जावा फोनवर पूर्ण वेबसाइट दिसते याचे आम्हाला नवल वाटले होते. पाने उलगडण्याचे आणि दाबून लहान करण्याचे काम ऑपेराचे सर्व्हर करत, फोन फक्त तयार पान दाखवत असे. तुमचा वर्षाचा ताळेबंद, बँकेला द्यायचा अहवाल, पीडीएफ हे सगळे सर्व्हरवर करा. फोनवर ठेवा फक्त आजच्या बैठकीची बचत, हप्ता आणि शिल्लक.

कोड लिहायला बसण्यापूर्वी एक काम करा. गटातला सगळ्यात अडखळणारा फोन आठवडाभर मागून घ्या, बदल्यात स्वतःचा द्या, आणि रोज तोच वापरा. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या नकली फोनवर, बोट किती वेळ बटणावर थांबते ते कळत नाही.

तुमच्या गटात व्याजाचे पैसे वरच्या रुपयाला नेतात, खालच्या रुपयाला की जसेच्या तसे ठेवतात, हे सचिवताईंना विचारून खाली लिहा. गट असे दिसतात की ५२.५० चे ५३ घेतात, आणि असेही की वरचे ५० पैसे पुढच्या महिन्यात ओढतात. वहीत जे चालते तेच सूत्रात यायला हवे. ते कळले की तेवढा भाग मी तुम्हाला लिहून देतो.