एक स्लीप टाकलं की सगळंच का थांबतं?

प्रश्न: पायथॉनमध्ये असिंकआयओ (अनेक कामं सोबत हाताळायची लायब्ररी) वापरून तीन कामं सोबत चालवतोय, पण एकात टाइम डॉट स्लीप(५) टाकलं की बाकीची दोन पण पाच सेकंद गप्प बसतात, असं का?

उत्तर: अहो, कारण तिन्ही कामं एकाच थ्रेडवर (प्रोग्रामच्या एकाच धाग्यावर) चालतायत आणि इथे कोणी मधेच हात धरून उठवत नाही, चालू कामाने अवेटवर ('मी इथे थांबतो' सांगणाऱ्या शब्दावर) येऊन स्वतः जागा सोडली तरच इव्हेंट लूप (कामांची पाळी लावणारा भाग) दुसऱ्याला घेतो, आणि टाइम डॉट स्लीप तर अख्खा थ्रेडच झोपवतं. त्याजागी अवेट असिंकआयओ डॉट स्लीप(५) लिहा. पण नुसतं अवेट विसरलात तर कोरूटीन (म्हणजे ते असिंक फंक्शनचं काम) चालणारच नाही, फक्त वॉर्निंग येईल (ती कोण वाचतं म्हणा!). जुनी ब्लॉकिंग (थ्रेड अडवून ठेवणारी) लायब्ररी असेल तर पायथॉन ३.९ पासून असिंकआयओ डॉट टू_थ्रेड आहे, ते काम वेगळ्या थ्रेडवर टाकतं. जड आकडेमोड मात्र वेगळ्या प्रोसेसमध्येच टाका.