फ्लॅटबेडच्या कामाला कॅनडात यायचं असेल तर

तू लिहिलंस ते असं: तोरणगल्लूहून शिरोलीला कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, ओढतोस, कॅनडातल्या एका कंपनीनं फ्लॅटबेडच्या, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरच्या, कामासाठी विचारलंय, बायको आणि सातवीतली मुलगी निपाणीत आहेत. जाऊ का, आणि तिथं स्टील बांधणं आपल्यापेक्षा किती वेगळं? वाचल्यापासून डोक्यात तेच चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो. व्हिसा, फी, परीक्षा हे सरकारी साइटवर आहे, ते सोडतो. आपलं हेवी लायसन्स इथं सरळ बदलून मिळत नाही, पुन्हा शिकाऊपासून सुरुवात, हे धरून चाल. आणि नोकरीच्या कागदासाठी कुणी पैसे मागितले तर तिथंच थांब. तसे पैसे घेणं इथं बेकायदेशीर आहे.

अनुभवाच्या पत्राचं मात्र कुणी सांगत नाही. मी खानापूरचा, उद्यमबागेतल्या एका मालकाची गाडी वर्षानुवर्षं चालवली. पगार रोख, भत्ता रोख, हिशेब मालकाच्या वहीत. पत्र मागितलं तर म्हणाला, देतो की, पण पगाराचा आकडा घालत नाही. आकडा नसलेल्या पत्राला इथं कोण विचारतो? त्यात शाळेचा दाखला मराठीत, जन्माचा कन्नडमध्ये आणि लायसन्सवर आडनावच नाही. तिन्ही कागदांवरचा माणूस एकच आहे हे सिद्ध करायला मी एका ऑफिसच्या खिडक्यांपुढं किती उभा राहिलो! त्याचा राग अजून जात नाही. तू या महिन्यापासून पगार बँकेत घे, आणि मालकाशी संबंध गोड आहेत तोवर पत्र लिहून घे.

आता बांधण्याचं. आपल्याकडं कॉइलखाली लाकडी गुटके ठोकतो, साखळी टाकतो, वर दोर आवळतो, आणि तवंदी घाट उतरताना देवाचं नाव घेतो. इथं हिशेब आधी होतो. सगळ्या साखळ्यांची मिळून चालू भाराची क्षमता, म्हणजे साखळी सुरक्षितपणे जेवढं पेलते तेवढं वजन, मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. म्हणजे 20 टनांची कॉइल असेल तर 10 टन. ग्रेड 70 ची (ग्रेड म्हणजे पोलादाच्या मजबुतीचा दर्जा) 3/8 इंची साखळी साधारण 3 टन धरते, म्हणजे किमान 4 साखळ्या. कडीवर 7 किंवा 70 चा शिक्का शोध. साखळी भारी आणि बाइंडर, म्हणजे साखळी आवळायचा दांडा, हलका असेल तर हिशेब बाइंडरचा धरायचा, कारण सगळ्यात कमजोर तुकड्याची क्षमता तीच सगळ्याची क्षमता. गाडी जोरात थांबली तर वजनाच्या 80 टक्के जोरानं माल पुढं येईल असं मानून नियम केलेत. तो जोर केबिनमागच्या जाळीवर सोडायचा नसतो.

भोक डाव्या-उजव्या बाजूला करून ठेवलेली कॉइल सगळ्यात वाईट, ती सुटली तर थेट केबिनकडं गडगडते. तिला बंकवर, म्हणजे कॉइल धरून ठेवणाऱ्या पाळण्यावर, अशी बसवायची की खाली फळीला टेकता कामा नये. साखळ्या भोकातून काढायच्या, काही पुढं ओढणाऱ्या, काही मागं. वरून पाहिलं तर त्यांची फुली दिसली नाही पाहिजे, तशी बांधायला बंदी आहे. निघाल्यावर पहिल्या 80 किलोमीटरच्या आत थांबून पुन्हा आवळायचं, कारण माल बसतो आणि साखळी ढिली पडते. पुढं दर 3 तासांनी किंवा 240 किलोमीटरला. उणे 30 मध्ये पत्र्यावर दव गोठलेलं असतं, लोखंडावर लोखंड साबणासारखं सरकतं. म्हणून आधी फळीवरचा बर्फ खरवडायचा आणि कॉइलखाली रबराची मॅट घालायची.

ताडपत्रीला हलकं समजू नकोस. 2018 च्या एप्रिलमध्ये इथल्या सस्कॅचेवान प्रांतात हम्बोल्टच्या हॉकी संघाच्या बसपुढं एक ट्रक स्टॉपची पाटी ओलांडून आला, 16 जण गेले. ड्रायव्हर आपलाच, भारतातून आलेला, कामावर नवीन. मागं फडफडणाऱ्या ताडपत्रीकडं त्याचं लक्ष गेलं होतं, हे कोर्टात आलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि इथं क्लीनर नसतो. एकटेपणाचं विचारशील तर माझं दुखणं एवढंच आहे. सणवार, मित्र, भाकरी, सगळ्याची सवय होते. पण हुबळी रोडला गाडी थांबवली की पलीकडून पोरगा ओरडायचा, "मामा, बसली बघा!" इथं अलीकडची साखळी मीच ओढतो, वळसा घालून पलीकडं मीच जातो, आणि झालं का म्हणून विचारायला कुणी नाही. रात्री ट्रक स्टॉपवर झोपलो तरी उठून पुन्हा बॅटरी घेऊन बघून येतो. हे जमणार असेल तर ये. कारण इथं एक गोष्ट आहे जी मला आपल्याकडं कधी मिळाली नाही: माल नीट बांधलेला नाही म्हणून मी निघणार नाही असं म्हणता येतं. मालक आपल्याला म्हणायचा, जा रे, काय होतंय. त्या एका वाक्यासाठी मी देश सोडला असं मला वाटतं, आणि बायकोला अजून ते पटलेलं नाही.

मुलीचं बोलतो. माझा मुलगा बेळगावात मराठी माध्यमात गणितात वर्गात पुढं असायचा. इथल्या शाळेनं इंग्रजीतून परीक्षा घेतली आणि त्याला गणितात खालच्या गटात टाकलं. आकडे त्याला येत होते, उदाहरण वाचता येत नव्हतं. शाळेची चिठ्ठी आली तेव्हा मी लोड घेऊन विनिपेगच्या वाटेवर, आणि बायकोला ती वाचता आली नाही. वर्षभर तो शिकलेलंच पुन्हा शिकत बसला. पुढं निभावलं, पण गणिताची गोडी गेली ती गेलीच. तेव्हा मुलीला आत्तापासून इंग्रजीतली उदाहरणं सोडवायला दे, तिच्या वह्या आणि गुणपत्रकं बरोबर आण, आणि आणायचंच तर दहावीच्या आधी आण. शाळेत नाव घालायच्या आठवड्यात लोड घेणार नाही, हे कंपनीला कामावर रुजू व्हायच्या आधीच लिहून दे.