‘उन्नती’ की ‘वाढ’?

प्रश्न: ‘थिऑलॉजी (ईश्वरविद्या) शिकल्याने ख्रिस्ती माणसाची आध्यात्मिक उन्नती होते’ हे बरोबर, की ‘वाढ होते’ म्हणावे?

दोन्ही चालेल. पण विषय निघालाच आहे तर आधी राग काढून घेतो. ‘ज्ञान फुगवते’ एवढे दोन शब्द तोंडावर फेकून थिऑलॉजी शिकणाऱ्याला गप्प करणारी मंडळी हल्ली फार भेटतात. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातले (8:1) ते वाक्य पुढे ‘प्रीती उन्नती करते’ असे पुरे होते, हे सोयीने गाळले जाते. तिथे चर्चा चालली आहे मूर्तीला वाहिलेल्या अन्नाची. ‘मूर्ती म्हणजे काहीच नाही, आम्हाला ठाऊक आहे’ असे म्हणत दुबळ्या मनाच्या भावंडांदेखत बेधडक जेवणाऱ्यांना पौलाने हे सुनावले आहे. अभ्यासाचेच त्याला वावडे असते, तर त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थानावर एवढा लांबलचक युक्तिवाद त्याने कशाला केला असता?

‘फुगवते’साठीचे ग्रीक क्रियापद ‘फ्युसा’पासून आले आहे. फ्युसा म्हणजे लोहाराचा भाता. ‘उन्नती करते’साठी आहे ‘ओइकोदोमेओ’, म्हणजे चक्क घर बांधणे! पौलाने भात्यासमोर भिंत उभी केली आहे. आपली ‘उन्नती’ मात्र उद् + नम्, वर उचलले जाणे. तिच्यात दगडमाती कुठेच नाही.

आता खरी गंमत. ‘ओइकोस’ म्हणजे घर. त्याचा संस्कृत भाऊबंद ‘विश्’, वस्ती, ज्यातून ‘वैश्य’ आला. आणि ‘दोमे’चे घराणे तेच, ज्यात ग्रीक ‘दोमोस’, लॅटिन ‘दोमुस’ आणि वैदिक ‘दम’ येतात. दम म्हणजे घर. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी ‘वर्धमानं स्वे दमे’ आहे, आपल्या घरात वाढणारा. आपला ‘दंपती’ही याच दमाचा पती, घरधनी. इथे वैयाकरणांशी माझे भांडण आहे. ‘सिद्धांतकौमुदी’ म्हणते, ‘जाया’ (बायको) या शब्दाच्या जागी विकल्पाने ‘जम्’ किंवा ‘दम्’ येतो. ‘जायापती’वरून ‘दंपती’ ओढून आणण्याची ही कसरत कशासाठी? ऋग्वेदात (1.127.8) एकट्या अग्नीलाच ‘दंपति’ म्हटले आहे, एकवचनात, जायेचा तिथे पत्ताच नाही. शिवाय त्याच ऋचेत तो ‘विशां पति’ही आहे. म्हणजे पौलाच्या क्रियापदाचे दोन्ही तुकडे, विश् आणि दम, एकाच ऋचेत शेजारी-शेजारी! पौलाला याची कल्पना असणे शक्य नाही, हे मलाही कळते. पण नाते खरे आहे, आणि मराठी बायबलात ‘उन्नती’ऐवजी ‘उभारणी’ घेतली असती तर त्याचा थोडा तरी वास मराठीत राहिला असता, असे माझे ठाम मत आहे. ‘उभारणी फार बांधकामखात्यातली वाटते’ असा आक्षेप मी ऐकला आहे. वाटू दे. याच पत्रात (3:10) पौल स्वतःला पाया घालणारा कुशल कारागीर म्हणवतो.

हां, तुमचे वाक्य. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा शेवट ‘कृपेत व ज्ञानात वाढत जा’ असा आहे. तेव्हा शिकण्याबरोबर ‘वाढ’ खुशाल लिहा. इफिसकरांस पत्रात (4:16) तर शरीराची वाढ आणि घराची बांधणी एकाच वाक्यात आहेत, त्यामुळे ‘दोन्हींतले एकच शुद्ध’ म्हणणाऱ्यांनी आधी तिथे जाऊन भांडावे.