ट्रायल्समध्ये उतरतोयस? मग आधी वेग विसर

इंग्लंडमध्ये आहेस, जवळच्या क्लबची रविवारची ट्रायल, म्हणजे मोटरसायकलवर तोल सांभाळायची स्पर्धा आहे, तर जाच. इथे घड्याळाशी शर्यत नाही. फिती लावून आखलेला खडकाळ टप्पा पाय न टेकता पार करायचा, बस्स. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला तरी तीनच. गाडी पडली किंवा फितीबाहेर गेली की पाच. सगळ्यात कमी गुण, तो जिंकला.

खरी मजा टप्पा सुरू होण्याआधी आहे. गाडी लावून पायी फिर. ओला दगड कुठे, मूळ आडवं कुठे, पुढचं चाक नेमकं कशावर ठेवायचं, हे डोळ्यांनी ठरव. मग इतरांचं बघ. चांगला रायडर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा, गुडघे सैल, क्लचवर एकच बोट. अर्धा इंच क्लच सोडतो आणि गाडी शिडीसारख्या खडकावर अलगद चढते. हे पाहिलं की मला आजही राहवत नाही.

महागडी नवी गाडी लगेच घेऊ नकोस, जुनी चालेल. मागच्या टायरमध्ये हवा मात्र चार-पाच पीएसआयच ठेव, पकड त्यातूनच मिळते. सुरुवातीला सोपा मार्ग निवड. एकाच ओढ्यात पोरंही असतात आणि सत्तरीचे आजोबाही. ट्रायल रायडर टोनी बोऊ 2007 पासून वर्षानुवर्षं जगज्जेता राहिला, तोही असाच तोल सांभाळत. मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल असते, ती बघायला नक्की ये.